चिंचेसमोरचं घर

आमच्या घरमालकांचं नाव मी सांगणार नाही. त्यांचे तीन पुतणे अजून नगरात आहेत आणि तिघंही वकील आहेत. गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, तेव्हा आपणही आप्पाच म्हणू.

लढाईचे दिवस होते. मी कर्जतकडची. नुकतीच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडून नगरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. एक ट्रंक, एक वळकटी आणि नाकाच्या शेंड्यावर राग, एवढं सामान घेऊन मी त्यांच्या ओट्यावर उभी राहिले. एकट्या बाईला खोली द्यायची म्हणजे लोक तेव्हा आधी सात पिढ्या विचारायचे. चार घरी मी त्या सांगून आलेही होते आणि पाचव्या घरी कुणी विचारलं असतं तर मी भांडणारच होते. आप्पांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं,

“तुझ्या गावात वड आहे?”

“आहे.”

“वेशीच्या आत का बाहेर?”

“बाहेर. ओढ्याच्या काठाला.”

“पारंब्या तोडतात?”

“पोरं झोके घेतात. तोडत कुणी नाही.”

“मग गाव बरं दिसतंय. वरची खोली घे.”

माझी जात, माझं लग्न, माझा पगार यातलं काहीही त्या माणसानं शेवटपर्यंत विचारलं नाही. काकूंनी मात्र संध्याकाळच्या आत सगळं काढून घेतलं. एवढी वाटणी त्या घरात बरोबर होती.

आप्पा माणसांना सरसकट अरे-तुरे करत. आमच्या मोठ्या बाईंना, मामलेदाराला, घरी आलेल्या व्याह्यांना, सगळ्यांना. अहो-जाहो फक्त झाडांना. घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक थोरली चिंच होती. तिची सावली सकाळी आमच्या ओट्यावर यायची आणि दुपारी परत जायची. मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी खालून आवाज आला, “काय, वारा फार होता. झोप लागली का तुम्हाला?” मी आपली खिडकीतून वाकून म्हणाले, “हो, लागली की चांगली.” आप्पांनी मान वर केली. तोंडात कडुलिंबाची काडी. म्हणाले, “तुला नाही विचारलं.”

काकू आतून हसत होत्या. मला म्हणाल्या, “बाई, मनावर घेऊ नका. मला पालवी फुटत नाही म्हणून माझीसुद्धा चौकशी होत नाही.”

त्यांच्या काळ्या कोटाच्या उजव्या खिशात कायम एक पक्कड असे. दुसरे लोक खिशात तपकीर ठेवत, तशी ही पक्कड. झाडाला खिळा दिसला की आप्पा थांबत, चष्मा पुसत आणि खिळा उपटत. नगरातल्या झाडांना तेव्हा काय काय ठोकलेलं असे. सिनेमाच्या जाहिराती, दाताच्या डॉक्टरची पाटी, मूळव्याधीवरचं औषध. एकदा सरकारी पत्रक उपटलं, लढाईला मदत करा असं काहीतरी. फौजदार स्वतः चालत आला. आप्पांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फार प्रेमानं विचारलं, “बाळ, हे पत्रक महत्त्वाचं आहे ना? मग तुझ्या पाठीला ठोकतो. तू गावभर हिंडतोस, जास्त लोक वाचतील.” फौजदार चहा पिऊन गेला. त्यानंतर सरकारी पत्रकं भिंतींना चिकटायला लागली.

तसा हा माणूस भक्तिभावाचा वगैरे मुळीच नव्हता. उलट कापडबाजाराच्या मागे एका पिंपळाखाली कुणीतरी दगड ठेवून त्याला शेंदूर फासला, का तर म्हणे मालक झाड तोडायचं म्हणतोय, आता हात लावणार नाही. आप्पा बादली घेऊन गेले आणि साबणानं तो दगड धुऊन आले. लोक खवळले. आप्पा म्हणाले, “मुंजाच्या भीतीनं वाचलेल्या झाडाखाली बसतं कुणी? सगळे लांबून हात जोडून पळतात. त्यापेक्षा त्याची ओळख ठेवा. ओळखीच्या माणसाला कुणी कुऱ्हाड मारत नाही.”

“मारतात की,” मी म्हणाले. मला उलट बोलायची खोड आहे.

“मारतात, पण आधी लाजतात. तेवढा वेळ मिळाला तर झाड वाचतं,” आप्पा म्हणाले आणि पक्कड खिशात घालून निघून गेले.

असा माणूस नगरपालिकेत मेंबर कसा झाला, हे मला काकूंनी सांगितलं. गल्लीत दोन तालेवार घरं होती, दोघांचंही एकमेकांशी वैर. दोघांनीही ठरवलं की समोरचा येण्यापेक्षा हे वेड बरं. तर त्या मेंबरकीत आप्पांनी दोन वर्षं तोंड उघडलं नाही आणि मग एकदम एक ठराव मांडला. लष्कराच्या छावणीला जळण लागत होतं, कोळसा मिळत नव्हता, कुऱ्हाडी निघाल्या होत्या. ठराव असा की गावातल्या काही झाडांना गावानं मानकरी करावं, दसऱ्याला त्यांना शेला, नारळ आणि विडा द्यावा, आणि मानकरी झाडाला कुणी हात लावू नये. मेंबर हसले. अध्यक्षांच्या घरी जेवायला पाहुणे होते, ते घड्याळाकडे बघून म्हणाले, “शेला-नारळच ना? मंजूर.”

मंजूर झाल्यावर खरी गंमत. मानकरी कोण? एक मेंबर म्हणाला, सगळ्यांत जुनं झाड. जुनं कुठलं हे सांगायला त्याच्याहून जुना माणूस पाहिजे, तो कुठून आणायचा? दुसरा म्हणाला, उंच असेल ते. तिसऱ्याच्या वॉर्डात वड होता, तो म्हणाला, पवित्र असेल ते. चौथ्याच्या वॉर्डात नुसत्या बाभळी. तो म्हणाला, जे कमी पाण्यावर जगतं त्याला मान द्या, त्यात आपल्या नगर जिल्ह्याचं नाव आहे. दोन बैठका यात गेल्या. शेवटी आप्पा उठले.

“ज्या झाडाच्या नावानं लोक पत्ता सांगतात, ते झाड गावचं. बाकीची ज्याची त्याची. बस्स, हा नियम.”

आणि हा नियम, तुम्हाला सांगते, मला आजही बिनतोड वाटतो. नगरात तेव्हा घरांना नंबर होते, पण ते फक्त नगरपालिकेला माहीत होते. माणसं आपली ‘वडापासून आत’, ‘लिंबाला वळसा घालून’ अशीच एकमेकांना सापडत.

आता कुठल्या झाडाच्या नावानं पत्ता सांगतात, हे तपासायचं कसं? त्यासाठी आप्पा स्वतः परगावचा माणूस बनून निघाले. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात गाठोडं. माळीवाड्यात जाऊन एका पानवाल्याला विचारलं, “अरे, सरकारी दवाखाना कुठं आहे?” पानवाला म्हणाला, “आप्पा, काकूंची तब्येत बरी हाय ना?” पुढं एका तेलिणीनं विचारलं, “घर विसरलात व्हय?” आणि त्यांना हाताला धरून थेट आमच्या दारात आणून सोडलं. काकू हसून हसून ओट्यावर बसल्या.

त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ शेंगा घेऊन आला. पहिल्यांदाच नगर बघत होता. सर्व्हिस मोटारीतून उतरवून मी त्याला घरी आणलं, त्यानं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला तोवर आप्पा त्याच्यासमोर उभे.

“नगरात कुणाला ओळखतोस?”

“आक्काला. आन आता तुमाला.”

“फार उत्तम. ऊठ. दवाखाना, टपालकचेरी, पिठाची गिरणी, मोठी मशीद. विचारत विचारत जाऊन ये.”

माझा भाऊ गरीब. तो उठला आणि गेला. तिसऱ्या प्रहरी परत आला तेव्हा उन्हानं लाल झालेला. आप्पा अधीर होऊन दारातच उभे होते. भाऊ म्हणाला, “आप्पा, तुमच्या गावात झाडं लई हायती. लोकं बी लई ग्वाड. वडापून जा म्हनले, लिंबापून जा म्हनले, येकजन तर पिपरनीपातूर संगट आला. पर दवाखाना काय मला गावला न्हाई.”

“तो नको होता रे,” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या भावाला पोटाशी धरलं.

त्या दसऱ्याला प्रत्येक वॉर्डात एकेका झाडाला शेला बांधला. ताशेवाला होता, दोन मशाली होत्या. आणि मानपान म्हटल्यावर आपल्याकडे जे होतं ते सगळं झालं. एका वॉर्डाच्या लिंबाला नारळ मिळाला पण गडबडीत विडा राहिला. दुसऱ्या दिवशी तिथले चार प्रतिष्ठित नारळ परत घेऊन कचेरीत हजर. म्हणाले, आमचं काही नाही हो, पण लिंब रुसलाय. आप्पा विडा घेऊन स्वतः गेले, लिंबाची क्षमा मागितली, अहो-जाहो करून. लोकांना ते इतकं आवडलं की पुढं महिनाभर त्या वॉर्डातली माणसंही आपसात अहो-जाहो करत होती, असं म्हणतात. मला काही दिसलं नाही.

पण आमच्या समोरच्या चिंचेला आप्पांनी शेला बांधू दिला नाही. सगळी गल्ली सांगत होती. आप्पा म्हणाले, “लोक म्हणतील मेंबरानं आपल्या दारातलं झाड बसवून घेतलं. पुढच्या वर्षी बघू.” त्यांचा हा सोवळेपणा मला तेव्हाही पटला नव्हता. मी तसं म्हणालेही. त्यांनी ऐकलं नाही.

आणि हिवाळ्यात ती चिंचच गोत्यात आली. स्टेशनाकडून छावणीकडे लष्करी लॉऱ्या जायच्या, त्या आमच्या वळणावर अडायला लागल्या. वळण रुंद करायचं ठरलं. एका बाजूला चिंच, दुसऱ्या बाजूला आमचं घर. एक नवे ओव्हरसियर आले होते, कुठले परगावचे, खाकी अर्धी विजार, डोक्यावर साहेबी टोप, पण माणूस सज्जन. त्यांनी फीत टाकून मोजलं आणि आप्पांना आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं, “मेंबरसाहेब, तुमच्या घराला धक्का नाही. चिंच काढतो.”

“चिंच काढता येणार नाही. त्या नावानं पत्ता सांगतात. त्या मानकरी आहेत.”

“शेला तर नाही दिसत.”

“शेला राहिलाय. मान नाही राहिलेला.”

ओव्हरसियर गोंधळले. खालच्या आवाजात म्हणाले, “अहो, झाड राहिलं तर मला तुमच्या बाजूनं घ्यावं लागेल. तुमचा ओटा जाईल, आणि ही बकूळ जाईल. कळतंय ना तुम्हाला?”

ही बकूळ काकूंची. आमच्या ओट्याच्या कोपऱ्याला लागून होती. काकू लग्न होऊन आल्या त्या वर्षी त्यांनी माहेराहून रोप आणून लावलं होतं, आणि नगरच्या उन्हाळ्यात भांड्यांचं, आंघोळीचं, तांदूळ धुतलेलं पाणी घालघालून जगवलं होतं. त्या घरात आप्पा-काकू दोघंच. फुलं पडायला लागली की काकू पहाटे वेचायच्या आणि गजरा मला द्यायच्या, शाळेत घालून जा म्हणायच्या. त्या वासाच्या भरवशावर मी पाढ्यांचे तास काढले आहेत.

आप्पांनी बकुळीकडे बघितलंही नाही. म्हणाले, “नियम तपास. गल्लीत विचार.”

“विचारतो. पण तुमचा पाहुणा नको आणि तुम्हीही नको. मी स्वतः विचारणार.”

इथं आप्पांचा सगळा हिशेब चुकला. कारण त्यांना झाडं कळत होती, पण लढाईतली माणसं त्यांनी धरली नव्हती. त्या वर्षात टोपवाला साहेब गल्लीत आला की काहीतरी मोजायचा, आणि मोजलं की ते पुढं न्यायला माणूस यायचा. सायकली मोजल्या, सायकली गेल्या. बैलगाड्या मोजल्या, गाड्या गेल्या. घरातली ज्वारी लोकांनी कुठं कुठं लपवली होती ते मी सांगत नाही. अशा गल्लीत हे साहेब आले आणि विचारते झाले, “इथं चिंच कुठं आहे?”

पहिला भेटला तो न्हावी. तो चिंचेच्या बुंध्याला आरसा टेकवून एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. म्हणाला, “चिंच? न्हाई बा. आमी इकडं न्हवं, तिकडं राहातो.”

मग चाची. चाची चिंचेच्या मुळावर पाटी ठेवून पेरू विकायची, तिची आईही तिथंच विकायची. तिनं साहेबाला खालून वर बघून घेतलं. “कौनसी चिंच, साहेब? आमच्या गल्लीत एक बी झाड न्हाई.”

“अहो, मग मी सावलीत उभा आहे ती कसली?”

चाचीनं मान वर केली. फांद्यांतून निळंशार आभाळ दिसत होतं. “ढग आला असंल,” ती म्हणाली.

मी वरच्या खिडकीतून हे सगळं ऐकत होते. हसू आवरेना. साऱ्या गल्लीनं, एकूण एक माणसानं, ती चिंच नाकारली. एकानं तर, आपण कधी चिंच खाल्लेली नाही, असंही सांगितलं. ज्या माणसांचं सगळं आयुष्य त्या झाडाखाली गेलं होतं त्यांनी तिला वाचवायला म्हणूनच तिची ओळख सोडली. साहेब परत आले तेव्हा त्यांचा चेहराच पडला होता. आप्पांना म्हणाले, “मी काय करू, सांगा. एकानंही नाव घेतलं नाही.”

गल्लीला मागून कळलं काय झालं ते, तेव्हा चाची ओट्यावर येऊन कपाळ बडवून घ्यायला लागली. “मेरी जबान जल जाए. आप्पा, मी साहेबाला सांगते, हाय म्हणून सांगते.” आप्पा म्हणाले, “आता सांगितलंस तर तो म्हणेल शिकवून ठेवलीय. जा, पेरू वीक.” त्या रात्री ते जेवले नाहीत. काकूंनी ताट दोनदा गरम केलं.

तोडायचा दिवस उजाडला. आप्पा अंघोळ करून, कोट घालून चिंचेखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले. वर्तमानपत्र उलटं होतं असं न्हावी सांगतो, पण न्हाव्याला वाचता येत नव्हतं. गल्ली सगळी दारात. मला शाळेला उशीर होत होता, मी गेले नाही. ओव्हरसियर वेळेवर आले, कुऱ्हाडवाले मात्र आले नाहीत. ते परगावचे होते, दोन गाड्या घेऊन येणार होते आणि कुठंतरी बोळात चुकले होते. साहेब येरझाऱ्या घालत होते. शेवटी वैतागून त्यांनी शिपायाला हाक मारली, “अरे, बाजारापर्यंत जा आणि बघ कुठं मेलेत ते. त्यांना म्हणावं सरळ या, मोठ्या चिंचेपाशी उजवीकडे...”

आणि ते थांबले.

आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “काय म्हणालास, बाळ? कुणाच्या पाशी?”

मग चाची मोठ्यानं हसायला लागली, तिच्या मागे न्हावी, आणि मग सगळेच. त्या ओव्हरसियरांचं मला फार कौतुक वाटतं. दुसरा कुणी असता तर त्यानं मी असं म्हणालोच नाही म्हणून सांगितलं असतं. हे आपला टोप काढून कपाळ पुसत म्हणाले, “खरं आहे. मीच सांगितला पत्ता. झाड राहिलं.” लोकांनी त्यांना जवळजवळ उचलूनच घेतलं.

तेवढ्यात ते आप्पांच्या जवळ आले आणि हळू बोलले, पण मी जवळच होते. “आता मला तुमच्या बाजूनं घ्यावं लागणार. लॉऱ्या थांबणार नाहीत.”

आप्पा उठले. दारात काकू उभ्या होत्या. आप्पांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि साहेबाला विचारलं, “बकुळीच्या नावानं कुणी पत्ता सांगतं का?”

“नाही. सगळे चिंचेसमोरचं घर म्हणतात.”

“मग नियम तो नियम,” आप्पा म्हणाले. “एवीतेवी कुऱ्हाडवाले यायचेच आहेत.”

दुपारी बकूळ पडली. आप्पा समोर उभे राहून सूचना देत होते. दोर इकडून बांध, फांदी आधी घे, ओट्याची फरशी सांभाळ. मध्येच कुऱ्हाडवाल्यांना थट्टेनं काही म्हणालेही, ते हसले. मला त्यांचा असा संताप आला की मी वर जाऊन दार लावून घेतलं. ज्या माणसानं दाताच्या डॉक्टरचा खिळा सोसला नाही, तो बायकोच्या झाडावर कुऱ्हाड चालताना विनोद करतो. मी त्यांना मनात नाही नाही ते बोलले.

काकू काहीच बोलल्या नाहीत. पुढं आप्पांशीही नाही. म्हणजे अबोला असा की घरात मी एक दुभाषी झाले. “बाई, यांना सांगा पान वाढलंय.” “मास्तरीण, तिला सांग, भूक नाही.” “बाई, यांना सांगा, भूक नसली तर मी काय करू.” दोघं एकाच पंगतीच्या दोन टोकांना आणि मी मध्ये पोळीचा घास हातात धरून. पंधरा दिवस मला गंमत वाटली. नंतर मी एकदा काकूंना म्हणाले, “आता पुरे ना. त्यांनी नियम पाळला.”

“नियम?” काकू म्हणाल्या. “माझ्या माहेरची झाडून सगळी माणसं बकुळीच्या घरी जातो म्हणतात. माझा बाप त्याच पत्त्यावर यायचा. यांनी गावाला विचारलं, बाई. साहेबाला विचारलं. मी दारात उभी होते, मला विचारलं नाही.”

मी खाली जाऊन हे आप्पांना जसंच्या तसं सांगितलं, दुभाषीच होते ना. आप्पा म्हणाले, “तिला सांग, खरं आहे.” मी सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि डाळ निवडायला घेतली. अबोला काही सुटला नाही. पुढच्या दसऱ्याला चिंचेला शेला बांधला, गल्लीनं जिलबी वाटली, चाचीनं सगळ्यांना पेरू फुकट दिले. काकू बाहेर आल्या नाहीत.

दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. माझा भाऊ पुन्हा शेंगा घेऊन आला, या खेपेला न कळवता. ओटा अर्धा कापलेला, त्या उरलेल्या तुकड्यावर आप्पा बसले होते, मी पायरीवर वह्या तपासत होते. तांगा थांबला आणि भाऊ उतरला, मोठ्या खुशीत.

“आक्का, ह्या टायमाला कायबी तरास झाला न्हाई. मला गल्लीचं नावच आठवंना. तांगेवाल्याला म्हनलं, बाबा, झाडांचं येडं आसल्यालं येक म्हातारं हाय, त्याच्याकडं ने. तर त्यो म्हनला, आसं म्हना की बकुळीच्या घरी जायाचंय. समदं गाव आता बकुळीचं घर म्हनतंय म्हनं.” त्यानं पोतं खाली ठेवलं आणि कोपऱ्याकडे बघितलं. “आन बकूळ कुटं गेली?”

आप्पा उठून आत गेले, आणि मी त्या घरात कधी ऐकला नव्हता असा आवाज आला. आप्पा रडत होते. हुंदके देऊन, मोठ्यानं, लहान पोरासारखे.

काकू पाहुण्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येतच होत्या. त्या उंबऱ्यात थांबल्या. भाऊ बिचारा घाबरून उभा राहिला, म्हणाला, “माजं काय चुकलं का, काकू?”

“नाही रे, बाबा. तोडली तेव्हा रडायचं राहिलं होतं त्यांचं,” काकू म्हणाल्या, आणि तांब्या घेऊन तशाच माघारी वळल्या.

मी पायरीवरून उठणार होते, कारण आता काहीतरी सांगायला मला बोलावतील असं वाटलं. पण आतून काकूंचाच आवाज आला, “पाणी घ्या. अहो, घ्या ना.”

माझ्या भावाला मग मीच शेजारून पाणी आणून दिलं.